भिंतीवर जमलं नाही ते गोधडीवर जमवा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

वाकडला आमची साडेचारशे फ्लॅटची सोसायटी आहे. निम्मी घरं मराठी. बाकी बंगाली, तमिळ, बिहारी, मारवाडी, मल्याळी, काही मुस्लिम कुटुंबं. मुलं एकत्र खेळतात, पुरुष क्रिकेटला जमतात, बायका मात्र आपापल्या घोळक्यात. गेल्या वर्षी महिला समितीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ठरवलं, की मागची कंपाउंडची भिंत सगळ्यांनी मिळून रंगवायची. विषय 'विविधतेत एकता'. एका चित्रकाराकडून आराखडा करून घेतला. मधोमध नथ घातलेली नऊवारीतली बाई, तिच्यामागे दिंडी, आणि कडेनं प्रत्येक राज्याची एकेक नाचणारी बाई. पहिल्या रविवारी माझ्यासकट चौतीस जणी आल्या. दुसऱ्या रविवारी अकरा, त्याही सगळ्या मराठी. शेवटी पैसे देऊन रंगाऱ्याकडून भिंत पुरी करून घेतली. आमच्या मजल्यावरच्या बंगाली वहिनी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "हमारा कोना आप लोगों ने ही रंग दिया." त्या रागावल्या होत्या की सहज बोलल्या, मला अजून कळलेलं नाही. त्यातच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'महाराष्ट्रात राहता तर मराठीत लिहा' यावरून भांडण पेटलं आणि होती ती ओळखही आटली.

यंदा समितीकडे वीस हजार रुपये आहेत. पुन्हा काहीतरी करावंसं मनापासून वाटतं. नवरा म्हणतो, लोकांना नको आहे तर तू कशाला मागे लागतेस. काय करू?

— एक वाचक, वाकड

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

करा. यंदाच करा. फक्त भिंत नको.

आधी तुमच्या यजमानांच्या वाक्याबद्दल बोलते. लोकांना नको असतं तर पहिल्या रविवारी चौतीस जणी आल्या नसत्या. रविवारची सकाळ म्हणजे बाईच्या आठवड्यातली सगळ्यात महाग वेळ. नवरा घरी, मुलं घरी, न्याहारी उशिरा, जेवण साग्रसंगीत. ती वेळ काढून चौतीस बायका भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना यायचं होतं. आल्यावर जे सापडलं ते त्यांना नको होतं, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

काय सापडलं त्यांना? सगळं ठरलेलं सापडलं. चित्र ठरलेलं, रंग ठरलेले, कुणी कुठे उभं राहायचं तेही ठरलेलं. मध्ये आपली नथवाली बाई आणि कडेनं इतर सगळ्या. तुमच्या मनात असं काही नव्हतं, हे तुमच्या पत्रातल्या शब्दाशब्दांतून कळतं. पण उद्या तुम्ही कोलकात्याला राहायला गेलात, आणि तिथल्या सोसायटीच्या भिंतीवर मधोमध लाल काठाच्या पांढऱ्या साडीतली बाई आणि एका कोपऱ्यात लावणी नाचणारी 'महाराष्ट्राची बाई' असेल, तर ती तुम्हाला आपली वाटेल का? तुम्ही बँकेत काम करत असाल, मुलाच्या गणिताची काळजी करत असाल, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावत असाल. त्या कोपऱ्यातल्या बाईचा तुमच्याशी संबंध काय? तुमच्या बंगाली वहिनींचंही तेच झालं. त्या रागावल्या होत्या का, हा प्रश्न सोडून द्या. त्या जे बोलल्या ते अक्षरशः खरं होतं: कोपरा त्यांचा, रंगवला दुसऱ्यांनी.

भिंतीचा स्वतःचाही एक दोष आहे. भिंत आधी ठरवावी लागते. ज्यानं ठरवलं त्याची ती होते, बाकीच्या नुसत्या रंग भरणाऱ्या. शिवाय ती कायमची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. शाळा सुटल्यापासून जिनं हातात ब्रश धरलेला नाही तिच्या पोटात पहिला गोळा येतो तो "माझ्या हातून बिघडलं तर?" याचा. बिघडलेला रंग चारचौघांत पुसता येत नाही. टाका मात्र उसवता येतो.

म्हणून माझा सल्ला असा: सगळ्यांनी मिळून एक गोधडी शिवा.

तुम्ही म्हणाल, गोधडी तर आपली मराठी. पुन्हा तेच झालं. तसं नाही, आणि याच कारणासाठी मी गोधडी म्हणते आहे. आपल्याकडे जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तिची बंगालमधली बहीण कांथा. जुन्या धोतरा-साड्यांचे थर, आणि दोरा कुठला, तर जुन्या साडीच्या काठातून उकललेला. बिहारमध्ये सुजनी. तीही जुन्या मऊ कापडाची, नवजात बाळाला गुंडाळायला. मुझफ्फरपूरकडच्या गावांमधल्या बायकांनी गेल्या काही दशकांत तिच्यावर हुंडा आणि मारझोडसुद्धा टाक्यांनी भरली आहे. सिंधी घरांत रल्ली, कच्छ-सौराष्ट्रात ढडकी, बेळगाव-धारवाडकडे कौदी, उत्तरेत कथरी आणि गुदडी. नावं वेगळी, रंग वेगळे, पण टाका सगळीकडे एकच: धावदोरा. सुई खाली, सुई वर, पुढे. मुलीच्या हातात सुई दिली की पहिल्यांदा शिकवतात तो टाका. या कामात कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणी नाही. प्रत्येकीला ते थोडं येतं आणि प्रत्येकीला दुसरीकडून थोडं शिकण्यासारखं असतं.

तुमच्या तमिळ आणि मल्याळी मैत्रिणींच्या घरी कदाचित असं पांघरूण नसेल. उकाड्याच्या मुलखात कशाला लागतंय. मी एका तमिळ बाईंना हे विचारलं होतं, तेव्हा त्या आधी म्हणाल्या, आमच्याकडे काही नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, तूळी होती. तूळी म्हणजे आईच्या जुन्या सुती साडीची, छताला बांधलेली बाळाची झोळी. जुन्या साडीशिवाय वाढलेलं मूल आपल्या देशात शोधून सापडायचं नाही. तुम्ही बोलणं तिथून सुरू करा. 'तुमची संस्कृती दाखवा' म्हटलं की बाई ठेवणीतली साडी नेसून येते. 'तुमच्या आईच्या जुन्या साड्यांचं पुढे काय झालं?' विचारलं की ती बोलायला लागते.

एक उदाहरण जवळचंच आहे. कर्नाटकात, उत्तर कन्नड म्हणजे कारवारकडच्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणले गेले, बरेचसे गुलाम म्हणून. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि त्यांची बोली कोकणी-मराठी-कानडीच्या मिसळणीची. तिन्ही धर्मांच्या बायका एकच गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. काठापासून सुरुवात करून टाक्यांचे फेरे आत आत नेत मध्यावर संपवायचे. कुणी तिच्यावर क्रूस लावते, कुणी चंद्रकोर. पण चारी कोपऱ्यांना घड्या घालून केलेली कापडाची फुलं प्रत्येकीच्या कवंदीला हवीतच. त्याशिवाय ती उघडी, नागडी वाटते म्हणतात. जिचं तिचं चिन्ह जागच्या जागी राहतं आणि फुलं सगळ्यांची एक. यासाठी कुणी बैठक घेऊन ठराव केलेला नाही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात नदीकाठच्या एका वस्तीत आम्ही असंच जमायचं ठरवलं. मराठवाड्यातून आलेल्या बायका, कर्नाटकातून आलेल्या, काही मुस्लिम घरं. मी उत्साहानं लक्ष्मी रोडवरून नवं कोरं कापड आणलं, रंगसंगती ठरवून चौकोन कापले, त्यांवर पेन्सिलीनं नक्षी काढून दिली. दोन आठवडे बायका आल्या, मुकाट शिवत बसल्या, मग येईनाशा झाल्या. सत्तरीच्या एक आजी तेवढ्या शेवटपर्यंत आल्या. त्यांनी माझा चौकोन घेतला, अंगठ्यानं दोन बोटांवर चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, ह्ये कापड अजून कुणाच्या अंगाला लागलं न्हाई. ह्यात आमचं काय हाय?" मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आपलं विटलेलं लुगडं आणलं. शेवाळी रंगाचं, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की सुई नुसती टेकवली तरी आत जायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून एक पिवळी ओढणी आली. त्यानंतर मला कुणाला बोलवायला जावं लागलं नाही.

तर नवं कापड एक इंचही विकत घेऊ नका. प्रत्येकीनं घरातलं एक जुनं सुती वस्त्र आणायचं. साडी, ओढणी, लुंगी, मुलाचा शाळेचा शर्ट, काहीही. पॉलिएस्टर टाळा; ते घसरतं आणि टाका धरत नाही.

इथे एक अडचण येईल आणि ती कुणी उघड बोलणार नाही. दुसऱ्याचं वापरलेलं कापड हातात घ्यायचं, या कल्पनेनं काही जणी आतून आक्रसतील. कुणाकुणाच्या घरातलं असेल, कोण काय खातं, कोण कसं असतं. आपल्या मनातली जात आणि सोवळं असंच कपड्याच्या घडीत लपून बसलेलं असतं. यावर भाषण देऊ नका. एक मोठा टब आणा, गरम पाणी आणि साबण घाला, आणि सगळ्यांच्या देखत सगळं कापड एकत्र भिजवा. बंगाली तांताची सुती साडी, मारवाडी ओढणी, तुमच्या सासूबाईंचं पातळ, आणि कामाला येणाऱ्या मावशींची साडी, सगळं त्याच पाण्यात. मग गच्चीवर एकाच दोरीवर वाळत घाला. संध्याकाळी कापडं काढायला जाल तेव्हा कुठलं कुणाचं हे ओळखायला वेळ लागेल.

मावशींचं नाव मी मुद्दाम घेतलं. तुमच्या पत्रात सोसायटीतल्या सगळ्या राज्यांच्या बायका आहेत. रोज सकाळी त्याच घरांमध्ये येणाऱ्या बायका मात्र नाहीत. तुमच्या साडेचारशे घरांत धुणीभांडी करायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जणी बीड, लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या असतील, काही बिहार-बंगालच्या असतील. वाकडमध्ये गोधडी खरी कुणाला येत असेल तर ती त्यांना. त्या या कामात शिकवायला यायला हव्यात, आणि मानधन घेऊन. 'मदतीला या ना जरा' असं नाही. आता विचार करा: तुमच्या सोसायटीत त्यांची लिफ्ट वेगळी आहे का? क्लबहाउसमध्ये त्यांना बसायला चालतं का? चहा त्याच कपातून मिळेल का? समितीनं नाही म्हटलं तर क्लबहाउस सोडा आणि खाली पार्किंगमध्ये सतरंजी घाला. ज्या जागेत शिकवणारीला बसता येत नाही तिथे शिकायला बसू नये. यावर तुमचं एक-दोघींशी वाजेल. वाजू द्या. इतर सगळ्या बाबतींत मी तुम्हाला नमतं घ्या म्हणेन, या एका बाबतीत नाही.

आता बायका एकत्र बसल्यावर काय होतं ते सांगते, कारण कलेचा सगळा उपयोग तिथे आहे. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसायच्या. दोघी समोरासमोर, एकच खुंटा दोघींच्या हातात, नजर पिठावर. कुणी कुणाला 'तुझं दुःख सांग' म्हणत नव्हतं, आणि तरी त्यातून ओव्या आल्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावागावांत हिंडून त्या गोळा केल्या. तीन हजारांहून जास्त बायकांनी गायलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या. त्यांत सासर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत. हात गुंतलेले आणि नजर खाली असली की तोंड मोकळं होतं. समोरासमोर खुर्च्या मांडून 'आपला परिचय द्या' म्हटलं की तेच तोंड बंद होतं. तुमच्या सोसायटीत जातं आणता येणार नाही. गोधडी आणता येते. जमिनीवर अंथरलेली, चौफेर बायका, प्रत्येकीची सुई आपल्या काठावर.

भाषेच्या भांडणाचंही मला याच्याशी जोडून सांगायचं आहे. मला मराठीची फार माया आहे. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ती यावी असं मला मनापासून वाटतं. पण व्हॉट्सअॅपवर दटावून आजवर कुणाला मराठी आल्याचं मी पाहिलेलं नाही. गोधडीभोवती नियम करू नका. हिंदी, मराठी, इंग्रजी, खुणा, जे येईल ते चालेल. तुम्ही स्वतः मात्र मराठी बोलत राहा, सावकाश. सुई, दोरा, गाठ, टाका, चिंधी, ठिगळ, उसव, ओव. तासाभरात हे शब्द हाताला लागतात, कारण ज्या वस्तूचा शब्द ती वस्तू समोरच असते. आणि दर वेळी एक शब्द त्यांच्याकडून तुम्ही घ्या. बंगाली वहिनींना विचारा, धावदोऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात. चार माणसांत आपल्याला कुणी शब्द विचारला, की शिकणाऱ्याची लाज निम्मी होते.

जगात हे फार कठीण जागी घडून गेलेलं आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. तिथल्या ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि इतर देशांच्या सुमारे चारशे बायकामुलांना चांगीच्या तुरुंगात डांबलं. नवरे कुठे आहेत, जिवंत आहेत का, काही पत्ता नाही. एथेल मल्व्हेनी नावाच्या एका कॅनडियन बाईनं युक्ती काढली, की आजारी सैनिकांसाठी गोधड्या शिवायच्या. प्रत्येकीला पांढऱ्या कापडाचा चौकोन दिला आणि सांगितलं, यात स्वतःचं काहीतरी घाल आणि नाव भर. अशा तीन गोधड्या झाल्या, प्रत्येकीत सहासष्ट चौकोन. त्यांतली एक जखमी जपानी सैनिकांसाठी होती, म्हणून बाकीच्या दोन बाहेर जाऊ शकल्या. त्या इस्पितळात पोचल्या तेव्हा नावं वाचून पुरुषांना कळलं की आपली बायको जिवंत आहे. तिन्हींपैकी दोन गोधड्या आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत, तिसरी ब्रिटनच्या रेडक्रॉसकडे. या बायकांनी 'आपण सगळ्या एक आहोत' असं काही भरलं नाही. कुणी फूल भरलं, कुणी घर, कुणी आपल्या देशाची खूण. विषय दिलेला नव्हता आणि माप मात्र सगळ्यांना सारखं होतं. तुमच्या भिंतीवर नेमकं उलट होतं: विषय दिलेला, आणि माप कमी-जास्त.

म्हणून तुमची गोधडी अशी आखा. पाच फूट बाय सात फूट. तिच्यात फूटभराचे पस्तीस चौकोन बसतात. चौतीस चौकोन त्या पहिल्या रविवारी आलेल्या चौतीस जणींचे. आल्या नाहीत तर त्यांच्या जागी येतील त्यांचे. राहिला मधला. तो कुणाचाच नाही. सगळ्यांच्या कापडातून उरलेल्या चिंध्या जोडून तो शेवटी करायचा. चौकोनावर काय करायचं ते जिचं तिनं ठरवावं. नुसते सरळ धावदोरे घातले तरी पुरे. सरळ धावदोऱ्यांइतकं देखणं मला दुसरं काही वाटत नाही. तुम्हाला भीती असेल की कुणी देवाचं चित्र काढलं आणि वाद झाला तर? बहुतेक होणार नाही. जे अंथरायचं-पांघरायचं, ज्याला पाय लागायचा, त्यावर आपल्याकडे सहसा कुणी देव काढत नाही. भिंतीवर देव येतात, गोधडीवर माणसं येतात.

एखादी बाई आईची साडी घेऊन येईल आणि कात्री लावायची वेळ आली की थांबेल. हे होतंच, मी दर वेळी पाहिलं आहे. तिला समजावत बसू नका. गोधडीला वरचा थर असतो, खालचा असतो, आणि मध्ये भरण असतं. ती साडी न कापता, घडी घालून, अख्खी आत घाला. बाहेरून दिसणार नाही. पण ती कुठे आहे हे तिला माहीत असेल, आणि तिच्या शेजारी बसलेलीलाही.

वेळेचं बघा. नोकरी करणाऱ्यांना बुधवारी दुपारी जमायचं नाही, आणि मावशींना व घरी असणाऱ्यांना रविवारी संध्याकाळी जमायचं नाही. एकच वेळ ठरवलीत तर अर्ध्या जणी आपोआप गळतील. दोन पाळ्या करा, बुधवारी अडीच ते साडेचार आणि रविवारी चार ते सहा, गोधडी मात्र एकच. पाळी संपली की सुई दोऱ्यासकट कापडातच टोचून ठेवायची. पुढच्या पाळीची बाई तिथून पुढे सुरू करेल. कधी न भेटलेल्या बाईचा टाका पुढे नेताना तिचा हात कळतो. कुणाचा बारीक, कुणाचा लांब, कुणाचा ओढलेला. ओढलेला टाका पाहून "ही बाई घाईत असते" असं सहज म्हणणाऱ्या मी ऐकल्या आहेत, आणि पुढे त्या तिला शोधत गेल्या आहेत.

पैसे पुरतील. शिकवणाऱ्या दोन मावशींना प्रत्येक बैठकीचे पाचशे रुपये दिले तरी बारा बैठकांचे बारा हजार होतात. उरलेल्या आठ हजारांत दोरा, सुया, कात्र्या, सतरंज्या आणि चहा. बारा बैठकांत गोधडी पुरी झाली नाही तर होऊ नये. महिला दिनाची तारीख तिच्या उरावर ठेवू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही जोडू नका. तिथे विधवा बाई कडेला राहते आणि मुस्लिम बाई दारातून परत जाते, आणि मग आपण म्हणतो त्या मिसळत नाहीत. साधा बुधवार चांगला.

आणि गोधडीचं पुढे काय करायचं, हे पहिल्या टाक्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवा, नाहीतर शेवटी कुणीतरी ती काचेच्या फ्रेममध्ये घालून लॉबीत टांगेल आणि खाली समितीच्या पदाधिकाऱ्यांची नावं लावेल. माझं मत विचाराल तर ती वापरात राहावी. सोसायटीत बाळंतपण झालं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या घरी माणूस गेलं, तर महिनाभर ती त्या घरी जावी आणि धुऊन पुढच्या घरी. वॉचमनच्या खोलीतही. पण हे माझं मत. त्या चौतीस जणींचं वेगळं निघालं तर त्यांचं ऐका, तुम्हाला पटलं नाही तरी.

गळतीला घाबरू नका. चौतीसच्या वीस होतील. त्या वीस कोण आहेत ते पाहा. त्यांत चार भाषा असल्या, तर काम चाललं आहे. वीसही मराठीच उरल्या, तर थांबा आणि गेलेल्यांपैकी एकीच्या घरी जाऊन विचारा, काय खटकलं. उत्तर कितीही लागलं तरी मान हलवून ऐका आणि त्या आठवड्यातच एक गोष्ट बदला.

ही चिठ्ठी वाचून झाली की पहिलं काम: व्हॉट्सअॅपवर निरोप टाकू नका. बंगाली वहिनींच्या दारात स्वतः जा. भिंतीबद्दल एकदा, थोडक्यात, 'आमचं चुकलं' म्हणा. मग त्यांच्याकडे कांथा आहे का विचारा. असेल तर त्या आतून काढून आणतील, आणि तुम्हाला तासभर तरी बसावं लागेल. गॅस बंद करून जा. शिवायला या असं त्यांना त्याच वेळी म्हणू नका. कशी सुरुवात करू, एवढंच विचारा.

आणि सुया आणाल तेव्हा मोठ्या नेढ्याच्या आणा, जाड. साठीपुढच्या बायकांना बारीक सुई ओवता येत नाही. त्या "मला नाही बाई वेळ" म्हणून निघून जातील आणि खरं कारण कधी सांगणार नाहीत. दहा-बारा सुया घरूनच ओवून न्या, आणि बसल्या बसल्या जिच्या तिच्या हातात द्या.

तुमची,
ताई